दहा मिनिटांचा प्रश्न: २७ मेचं क्रू ड्रॅगन ३० मेला का उडालं?

बुधवार, २७ मे २०२०. फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्राच्या ३९-ए तळावर फाल्कन ९ रॉकेट उभं होतं. टोकावरच्या क्रू ड्रॅगन यानात डग हर्ली आणि बॉब बेंकन पट्टे आवळून बसले होते आणि खाली टाक्यांमध्ये इंधन भरणं चालू होतं. उड्डाणाची वेळ दुपारी ४ वाजून ३३ मिनिटं. काउंटडाउनमध्ये १६ मिनिटं ५४ सेकंद उरले असताना उड्डाण रद्द झालं. आसपासच्या ढगांमुळे हवेतलं विद्युतक्षेत्र मर्यादेबाहेर गेलं होतं. अशा हवेत वर जाणारं रॉकेट स्वतःच वीज ओढून घेऊ शकतं. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ वर उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटात दोनदा वीज पडली होती, तेव्हापासून हा नियम कोणी हलक्यात घेत नाही.

जुलै २०११ मध्ये शेवटचं शटल उडालं, त्यानंतर अमेरिकेच्या भूमीवरून माणसं कक्षेत जाण्याची ही पहिलीच खेप होती. अख्खं जग टीव्हीसमोर होतं. त्यात नासाचे तेव्हाचे प्रमुख जिम ब्रायडनस्टाइन यांनी सांगितलं की आणखी दहाएक मिनिटं हाताशी असती, तर कदाचित उड्डाण झालंही असतं. मग साहजिकच सगळीकडून एकच सवाल आला: थांबायचं की दहा मिनिटं! माणसं बसलेली आहेत, रॉकेट भरलेलं आहे, ढग सरकताहेत. घाई कसली?

पुढच्या तारखा जाहीर झाल्या तेव्हा कोडं आणखी वाढलं. शनिवार ३० मे, दुपारी ३ वाजून २२ मिनिटं. तीही हुकली तर रविवार ३१ मे, दुपारी ३ वाजता. गुरुवार आणि शुक्रवार यादीतच नाहीत. आणि वेळ मात्र बुधवारच्या वेळेपेक्षा एक तास अकरा मिनिटं अलीकडे आलेली.

या प्रकरणातली गंमत अशी की लागणारी सगळी माहिती या तीन वेळांमध्येच दडलेली आहे. त्या शेजारी शेजारी मांडून थोडं गणित केलं की आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक कसं फिरतं, पृथ्वी कशी फिरते आणि यानाला किती घाई आहे, हे तिन्ही त्यातून बाहेर पडतं.

आधी कडं, मग स्थानक

ड्रॅगनला जायचं होतं अवकाश स्थानकाकडे. म्हणजे स्थानक डोक्यावरून जात असेल तेव्हा उडायचं, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. उडण्याच्या क्षणी स्थानक पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असलं तरी चालतं. डोक्यावर असायला हवी ती त्याची वाट.

स्थानकाची कक्षा म्हणजे पृथ्वीभोवती तिरकं बसवलेलं एक मोठं कडं, असं समजा. जमिनीपासून साधारण ४२० किलोमीटर उंच, विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेलं. स्थानक या कड्यावरून सेकंदाला सुमारे ७.६६ किलोमीटर वेगाने धावतं आणि जवळपास ९३ मिनिटांत एक फेरी संपवतं. कडं स्वतः मात्र ताऱ्यांच्या संदर्भात जवळजवळ स्थिर असतं. ते पृथ्वीबरोबर गरगरत नाही. पृथ्वी त्याच्या आत फिरत राहते आणि तिच्या पाठीवरचा प्रक्षेपण तळ दिवसातून दोनदा या कड्याखालून सरकतो.

(५१.६ हा आकडा बायकोनूरमुळे आला. तो तळ सुमारे ४६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून सरळ पूर्वेला उडालं तर रॉकेटचे गळून पडणारे भाग चीनच्या हद्दीत जातील, म्हणून थोडं उत्तरेकडे वळून उडावं लागतं. स्थानकाचा कल त्यावर ठरला आणि फ्लोरिडाने तो निमूट स्वीकारला.)

केनेडी केंद्र २८.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून ५१.६ अंशांच्या कड्यात शिरायचं तर दोन दिशा शक्य असतात: एकदा ईशान्येकडे, एकदा आग्नेयेकडे. आग्नेयेची वाट कॅरिबियन बेटांवरून जाते, म्हणून ती बाद. उरते ईशान्य, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर जाणारी. म्हणजे दिवसाला दोन संधींपैकी एकच कामाची, आणि तीही जेमतेम एका क्षणाची.

दहा मिनिटांची किंमत

हा क्षण किती अरुंद असतो याचा हिशेब करू. पृथ्वी मिनिटाला पाव अंश फिरते. केनेडीच्या अक्षांशावर हा वेग सेकंदाला सुमारे ४०८ मीटर, म्हणजे मिनिटाला जवळजवळ साडेचोवीस किलोमीटर पडतो. दहा मिनिटं थांबलात तर तळ अडीच अंश, म्हणजे सुमारे २४५ किलोमीटर पूर्वेला गेलेला असतो. कडं मात्र होतं तिथेच.

आता त्याच दिशेने उडालात तर जी कक्षा मिळेल, तिचा कल ५१.६ च असेल, उंचीही हवी तीच. पण ती स्थानकाच्या कड्याशी सुमारे दोन अंशांची फट ठेवून बसलेली असेल. दोन कडी एकमेकांना फक्त दोन ठिकाणी छेदतात. त्या छेदावर यान आणि स्थानक एकाच वेळी पोचले तरी ते वेगवेगळ्या दिशांनी एकमेकांना ओलांडून जातील, तेही सेकंदाला अडीचशेहून जास्त मीटर वेगाने. बंदुकीच्या काही गोळ्या एवढ्याच वेगाने जातात. जोडणीची गोष्टच सोडा.

ही फट मिटवायची तर यानाला आपल्या वेगाची दिशा दोन अंशांनी वळवावी लागेल. गाडीचं चाक फिरवावं तसं ते नसतं. अवकाशात टेकायला रस्ता नाही, त्यामुळे सेकंदाला पावणेआठ किलोमीटरचा वेग जरासा वळवायलाही इंजिनच पेटवावं लागतं. दोन अंशांसाठी लागणारा वेगबदल येतो सेकंदाला सुमारे २६० मीटर. याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा: २०० किलोमीटरच्या कक्षेतून ४२० किलोमीटरच्या कक्षेत चढायला लागतात साधारण १२५ मीटर. म्हणजे दहा मिनिटांच्या उशिराचा दंड हा स्थानकापर्यंतच्या संपूर्ण चढणीच्या दुपटीहून जास्त आहे. दिशा बदलणं हा कक्षेतला सर्वांत महाग सौदा, असं म्हणतात ते याच अर्थाने.

इथे एक कबुली द्यायला हवी, कारण बातम्यांमध्ये ती बहुधा गाळली जाते. भौतिकशास्त्र इतकं कंजूष नाही की एका सेकंदाचीही सूट देणार नाही. शटलला याच स्थानकाकडे जाताना साधारण दहा मिनिटांची खिडकी मिळायची, योग्य क्षणाच्या अलीकडे पाच आणि पलीकडे पाच. थोडा उशीर झाला की शटल वर चढता चढताच हळूहळू वळण घेऊन कड्यात शिरायचं. वेग कमी असताना वळणं स्वस्त पडतं, आणि तेवढं इंधन त्यासाठी राखून ठेवलेलं असायचं.

फाल्कन ९ ला ही सूट का नव्हती? कारण त्याच्या टाक्यांमध्ये आहे. हे रॉकेट द्रव ऑक्सिजन नेहमीपेक्षा जास्त, सुमारे उणे २०७ अंश सेल्सियसपर्यंत गार करून भरतं. केरोसीनही थंडच भरतात. गार द्रव जास्त दाट असतो, तेवढ्याच टाकीत जास्त मावतो. पण तो तापू लागला की फुगतो आणि सगळा फायदा हातचा जातो. म्हणून इंधन भरणं उड्डाणाच्या फक्त ३५ मिनिटं आधी सुरू होतं आणि मध्ये थांबण्याची सोय नसते. एकदा नळ उघडला की ठरल्या सेकंदाला उडायचं, नाहीतर सगळं रिकामं करायचं. शिवाय पहिल्या टप्प्याला समुद्रातल्या जहाजावर परत उतरायचं होतं, त्याच्यासाठीही इंधन बाजूला ठेवलेलं.

म्हणजे बुधवारच्या दहा मिनिटांना दोघांनी मिळून नकार दिला. पृथ्वीने किंमत चढवली आणि रॉकेटच्या रचनेने उधारी बंद केली. माझ्या मते यात दुसऱ्याचा वाटा लोक समजतात त्याहून मोठा होता.

रोज थोडं लवकर

आता दुसरं कोडं: ४:३३ चं ३:२२ कसं झालं?

तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात, हे आकाश पाहणाऱ्याला ठाऊक असतं. ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीची फेरी २३ तास ५६ मिनिटांचीच असते. उरलेली चार मिनिटं सूर्याशी पुन्हा समोरासमोर यायला लागतात, कारण तोवर पृथ्वी सूर्याभोवतीही थोडी पुढे गेलेली असते. कडं जर ताऱ्यांच्या संदर्भात खरोखरच स्थिर असतं, तर तळ त्याखाली रोज चार मिनिटं लवकर आला असता. तीन दिवसांत बारा मिनिटं. पण फरक निघाला एकाहत्तर मिनिटांचा.

मघाशी ‘जवळजवळ स्थिर’ म्हटलं, त्यातला ‘जवळजवळ’ इथे हिशेब मागतो. पृथ्वी नेमकी गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटर जास्त आहे. हा कंबरेचा फुगवटा तिरक्या कड्याला सतत विषुववृत्ताकडे ओढत राहतो. फिरत्या भोवऱ्याला बाजूने ढकललं तर तो पडत नाही, त्याचा अक्ष हळूहळू घुमतो. कड्याचंही तसंच होतं. ते विषुववृत्ताकडे झुकत नाही, पण जिथे ते विषुववृत्त ओलांडतं तो बिंदू पश्चिमेकडे सरकत जातो. स्थानकाच्या बाबतीत दिवसाला सुमारे पाच अंश.

या बिंदूंना आपल्याकडे जुना शब्द आहे, पात. चंद्राच्या कक्षेचे पात म्हणजेच राहू आणि केतू, आणि ते नेहमी वक्री असतात, म्हणजे उलटे सरकतात, हे पंचांग उघडणाऱ्याला माहीत असतं. चंद्राच्या पातांना मागे नेणारा मुख्यतः सूर्य, स्थानकाच्या पातांना मागे नेणारी पृथ्वीची कंबर. कारण वेगळं, चाल तीच. राहूला एक फेरी करायला साडेअठरा वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. स्थानकाचा राहू ती सुमारे ७३ दिवसांत उरकतो.

पात पश्चिमेकडे सरकतो आणि तळ पूर्वेकडे फिरतो, म्हणजे दोघं एकमेकांच्या दिशेने येत असतात. त्यामुळे भेट लवकर होते. पाच अंशांची वीसेक मिनिटं, त्यात ताऱ्यांची चार. नीट हिशेब केला तर रोज २३ मिनिटांहून थोडं अधिक येतं. तीन दिवसांत ७० मिनिटं. प्रत्यक्षात ७१. रविवारची वेळ शनिवारपेक्षा २२ मिनिटं अलीकडे, तीही याच ओळीत बसते. घरी बसून कागदावर केलेलं गणित आणि प्रत्यक्षातलं वेळापत्रक मिनिट-दीड मिनिटाच्या आत जुळतं.

गुरुवार-शुक्रवार कुठे गेले?

कडं तर रोज डोक्यावर येतं. मग गुरुवारी ४ वाजून १० मिनिटांच्या सुमारास उडायला काय हरकत होती?

इथे पहिल्यांदा स्थानक स्वतः चित्रात येतं. कड्यात शिरल्यावर यानाला त्याच कड्यावर पुढे कुठेतरी असलेल्या स्थानकाला गाठायचं असतं. उड्डाणाच्या क्षणी दोघांमध्ये किती अंशांचं अंतर आहे, यावर सगळा पाठलाग अवलंबून असतो. आणि पाठलागाची रीत डोक्याला उलटी वाटते. पुढच्याला गाठायचं म्हणून इंजिन पेटवून वेग वाढवला तर यान वरच्या कक्षेत जातं, तिथे फेरी लांबते आणि ते आणखी मागे पडतं. गाठायचं तर खाली राहायचं. २०० किलोमीटर उंचीवर एक फेरी साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटांत होते. स्थानकाला ९३ लागतात. प्रत्येक फेरीला साडेचार मिनिटांची, म्हणजे सुमारे १७ अंशांची कमाई. वर चढत गेलं की कमाई घटते. कुठल्या उंचीवर किती फेऱ्या घालायच्या, हे ठरवून अंतर हवं तसं आटवता येतं.

पण त्याला मर्यादा आहे. ड्रॅगनच्या या मोहिमेत पाठलाग सुमारे १९ तासांचा आखला होता. इतक्या वेळात बारा-तेरा फेऱ्या होतात. शेवटचे काही तास हळूहळू जवळ जाण्यात जातात, तिथे कमाई जवळपास शून्य. म्हणजे फार तर अर्ध्या फेरीच्या आसपासचं अंतर तोडता येतं. स्थानक त्याहून जास्त पुढे असेल तर १९ तास पुरत नाहीत. आणि ते अगदी नाकासमोर असेल तर यान त्याच्या पुढे निघून जाण्याची भीती.

आता रोज हे अंतर कसं बदलतं ते पाहू. दोन संधींमध्ये २३ तास ३७ मिनिटं जातात. तेवढ्यात स्थानक साधारण सव्वापंधरा फेऱ्या मारतं. पूर्ण पंधरा सोडून देऊ, उरते पाव फेरी. म्हणजे रोज, तळ कड्याखाली येतो त्या क्षणी, स्थानक आदल्या दिवसापेक्षा ९० अंश पुढे असतं. बुधवारी जर ते गाठण्याजोग्या अर्ध्या फेरीत होतं, तर गुरुवारी ९० अंश आणखी पुढे, शुक्रवारी १८० अंश. शनिवारी २७० अंश पुढे, म्हणजेच बुधवारपेक्षा ९० अंश अलीकडे. रविवारी चौथी पाव फेरी भरते आणि स्थानक पुन्हा बुधवारच्याच जागी.

चार दिवसांचं चक्र, त्यात दोन दिवस सोयीचे, दोन गैरसोयीचे. बुधवार हा सोयीच्या जोडीतला दुसरा दिवस होता. तो हुकला आणि पुढचे दोन्ही गैरसोयीचे निघाले. हा माझा ढोबळ हिशेब आहे, प्रत्यक्ष आखणीत इतर शंभर गोष्टी असतात. पण जाहीर झालेल्या तारखा त्यात नेमक्या बसतात.

गुरुवारी उडणं अशक्य होतं असं मात्र नव्हे. पाठलाग लांबवायची तयारी असती तर स्थानक केव्हातरी सापडलंच असतं. पण नव्या यानाच्या पहिल्या मानवी उड्डाणात दोन माणसांना एक दिवस जास्त कोंडून ठेवण्यापेक्षा जमिनीवर तीन दिवस थांबणं शहाणपणाचं. इथे निवड माणसांची होती, न्यूटनची नव्हे.

शनिवार

३० मेला हवामान पुन्हा कुंपणावर बसलं होतं. या वेळी ते योग्य बाजूला उतरलं. ३ वाजून २२ मिनिटं ४५ सेकंदांनी रॉकेट उडालं, बारा मिनिटांनी यान दुसऱ्या टप्प्यापासून सुटं झालं. पहिला टप्पा अटलांटिकमधल्या जहाजावर उतरला. मग रात्रभर ड्रॅगन खालून फेऱ्या मारत, टप्प्याटप्प्याने वर चढत स्थानकाच्या मागावर राहिलं. हर्ली-बेंकन त्यातला बराच वेळ झोपले होते. ३१ मेला सकाळी १० वाजून १६ मिनिटांनी यान स्थानकाला जोडलं गेलं, उड्डाणानंतर १८ तास ५३ मिनिटांनी.

हेच गणित उलटं

कड्याची अडचण आणि अंतराची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट कळायचं तर १२ सप्टेंबर १९६६ चं जेमिनी ११ पाहावं. पीट कॉनरॅड आणि डिक गॉर्डन यांना सुमारे दीड तास आधी सोडलेलं अजीना नावाचं लक्ष्ययान पहिल्याच फेरीत गाठायचं होतं. त्या कक्षेचा कल २९ अंशांच्या आत, म्हणजे तळाच्या अक्षांशाला जवळजवळ चिकटलेला. असं कडं तळाच्या डोक्यावर बराच वेळ रेंगाळतं, त्यामुळे त्या बाजूने घाई नव्हती. पण पाठलागाला फेऱ्याच नव्हत्या. अंतर उड्डाणाच्या क्षणीच अचूक असायला हवं होतं आणि म्हणून खिडकी उरली फक्त दोन सेकंदांची. कॉनरॅड-गॉर्डन ती उघडल्यावर अर्ध्या सेकंदात उडाले आणि ९४ मिनिटांत जोडले गेले. ड्रॅगनच्या बाबतीत अंतराला १९ तासांची सैल दोरी होती आणि कडं क्षणभरही थांबणारं नव्हतं. दोन्ही खिडक्या अरुंद, पण कारणं अगदी विरुद्ध.

दोन्ही अडचणी एकदम अंगावर घेणारेही आहेत. १४ ऑक्टोबर २०२० ला सोयुझ एमएस-१७ बायकोनूरहून उडालं आणि तीन तास तीन मिनिटांत स्थानकाला जोडलं गेलं, दोन फेऱ्यांत. असं करायचं तर स्थानकालाच आधी हलवावं लागतं. त्याला जोडलेल्या यानांची इंजिनं पेटवून त्याची उंची जराशी बदलतात, म्हणजे फेरीचा काळ बदलतो आणि उड्डाणाच्या दिवशी ते हव्या त्या जागी हजर असतं. पाहुण्याच्या गाडीची वेळ पाहून यजमानाने काही दिवस आधीपासून चालण्याचा वेग बदलावा, तसला प्रकार.

ड्रॅगनच्या पुढच्या मोहिमेत, क्रू-१ मध्ये, पाठलाग २७ तासांच्या वर गेला. तिचं उड्डाण आधी १४ नोव्हेंबर २०२० ला संध्याकाळी ७ वाजून ४९ मिनिटांना ठरलं होतं. ते एक दिवस पुढे गेलं, आणि नवी वेळ आली ७ वाजून २७ मिनिटं.